आवाजाला धार नाही

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

जाम! पूर्ण जाम. बोटानं पंखा फिरवायला गेलो तर पंख्याऐवजी सगळं इंजिनच हातात फिरलं. इतकी वर्षं पत्र्याच्या डब्यात, जुन्या सदऱ्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं. वाटायचं, काय जपलंय आपण! जपलंय कसलं — आतलं एरंडेल वाळून डिंक झालाय.

हे सगळं दादासाहेबामुळं. सकाळी अंथुर्ण्याहून फुफाटा उडवत मोटारसायकलवर आला. दिवाळी झाली की कायमचा नाशिकला मुलाकडं जाणार. रान पुतण्याला कसायला दिलं, बैल कधीच गेले, आता घरालाही कुलूप. "जायच्या आधी एकदा उडवू आप्पा. इमान मी करतो, इंजान तू बघ." कॉलेजात असंच होतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही दोघं विमानांची मॉडेलं उडवायचो — विमान त्याचं, इंजिन माझं. अडीच सीसीचं डिझेल इंजिन, कलकत्त्याहून पोस्टानं मागवलेलं. मूठभर यंत्र, पण दोरीला बांधलेलं विमान गोल फिरायला लागलं की असं किंचाळायचं की प्राचार्य उठून खिडकी लावून घ्यायचे. शेवटी शेवटी आवाजाला एक धार यायची — पातळ पत्रा कापल्यासारखी. ती धार आली की समजायचं, बसलं इंजिन, सोडा विमान.

तो आवाज मला अजून पाठ आहे. हो म्हणून बसलो. आता निस्तरा!

१७ सप्टेंबर

रेश्माचं केस वाळवायचं यंत्र मागून घेतलं. गरम हवा मारायची, घरात उरलेल्या वाटीभर रॉकेलमध्ये बुडवायचं, पुन्हा हवा. सून माझी गुणाची, पण तोंड बारीक झालं तिचं. "आप्पा, नवीन आहे हो ते!" आता तिच्या केसांना रॉकेलचा वास येतो म्हणे. येईना का, उवा होणार नाहीत!

दुपारी कटकन सुटलं. मी एकटाच ओरडलो. बायको आतून धावत आली — द्वारकेला वाटलं, मला विंचू चावला.

२२ सप्टेंबर

इंधनासाठी वणवण. रॉकेल, एरंडेल आणि ईथर, तिन्ही सारख्या मापात. एरंडेल वाण्याकडं मिळालं. रॉकेल रेशनला बंद झाल्यापासून देवासारखं दुर्मिळ. शेवटी शेजारच्या साखरबाईंनी माळ्यावरच्या जुन्या कॅनमधलं दिलं. म्हशीच्या धारा काढता काढता म्हणाल्या, "कशाला पायजे? सवताला पेटवून तर घेत न्हाय न्हवं?"

ईथर मात्र रेश्मानं आणून दिलं. ती कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत आहे, रीतसर पुण्याच्या दुकानातून मागवलं. मला चार सूचना दिल्या, त्यातल्या दोनच कळल्या. ही पोर हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

२७ सप्टेंबर

लागत नाही. लागत नाही. लागत नाही!

व्हाइसच्या जबड्यात लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर इंजिन. याला प्लग नसतो. वरचा स्क्रू आवळून आतली हवा दाबायची आणि बोटानं पंख्याला टिचकी मारायची. मारतोय सकाळपासून. स्क्रू जरा जास्त आवळला गेला आणि पंखा उलटा आला, बोटाच्या पेरावर. नख काळंनिळं. कारखान्यात तीस वर्षं टर्बाईनवर फिटर होतो, गावाएवढी मशीनं सांभाळली, बोटाला कधी ओरखडा नाही. आणि हे लिंबाएवढं यंत्र मला मारतंय!

द्वारकेनं हळद लावली. वर म्हणते, "म्हातारपणी खेळणी कशाला पायजेत?"

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कपाळ माझं.

सकाळी हत्यारं पुजायला मांडली होती. पान्हे, कानस, व्हाइस. द्वारकेनं मोठ्या भक्तीनं इंजिनही ताटात ठेवलं. हळदी-कुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या. कुठं वाहिल्या? बरोबर हवा आत घ्यायच्या भोकात! मला कळलं तेव्हा चार दाणे आत गेले होते आणि कुंकू ओल्या एरंडेलात कालवून बसलं होतं. पुन्हा सगळं खोललं. पिस्टन लालभडक.

"देवाचं हाय, त्यानं काय हुतंय?" म्हणाली. आपट्याची पानं उद्या तिच्या शिलाईमशीनमध्ये घालीन म्हटलं तर रुसली.

५ ऑक्टोबर

लागलं!!

आधी एक खोकला, मग धूर, मग भर्र. ईथर-एरंडेलाचा तो वास आला आणि मला एकदम वीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले, लिहायला लाज कसली.

पण आवाज? बसका. गोधडीखालून आल्यासारखा. स्क्रू आवळला, इंधन सोडायची सुई थोडी बंद केली, फिरायचा वेग वाढला — भुर्रचं घुर्र झालं, बास. धार नाही.

पहिलाच दिवस आहे. येईल.

६ ऑक्टोबर

साखरबाई भांडायला आल्या. "तुमच्या त्या भोंग्यापायी म्हस पान्हा सोडंना! कान फाटायची पाळी आली." बायकांना काहीही वाढवून सांगायची सवय. एवढ्याशा घरघरीनं म्हैस बुजते? मग वरून जवळच्या विमानशाळेच्या शिकाऊ विमानांच्या दिवसभर घिरट्या चालतात, त्यांना नाही बुजत ती?

दुपारी चालवतो म्हणालो. मिटलं.

१२ ऑक्टोबर

आठवडा गेला. सुई पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. स्क्रू खाली, स्क्रू वर. एरंडेल कमी केलं. पंखा बदलला. टाकीची उंची बदलली. जे जे येतं ते सगळं केलं. इंजिन गरम होतं, पंखा दिसेनासा होतो, तेल फेकतं, सगळं जिथल्या तिथं — आणि आवाज मात्र रडका!

रेश्मानं मोबाइल जवळ धरला. त्यात म्हणे पंख्याचे मिनिटाचे फेरे मोजता येतात. "आप्पा, बारा हजाराच्या वर दाखवतंय. एवढेच हवे होते ना?" एवढेच हवे होते. पण मोबाइलला काय कळतंय! टर्बाईनचं बेअरिंग जायच्या आधी मी नुसत्या आवाजावरून सांगायचो, साहेब लोक मीटर बघत बसायचे. यंत्र कानानं ओळखायचं असतं. तिला तसं सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि कानांवर हात ठेवून आत गेली. द्वारका तर कापसाचे बोळे घालूनच परसात येते. नाटकं दोघींची.

१९ ऑक्टोबर

दादासाहेबाचा निरोप: विमान तयार. पिवळे पंख, लाल शेपटी, पहिल्यासारखंच. भाऊबीज झाली की येतो.

आणि माझं इंजिन हे असं. फराळाला बसलो तरी डोक्यात तेच. चकली मोडली तरी वाटतं, हिचा आवाज बरा!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नको होतं व्हायला.

दादासाहेब पुतण्याच्या पिकअपमधून विमान घेऊन आला. मांडीवर धरून आणलं, हौद्यात ठेवलं नाही. काय केलंय! कागद असा ताणून बसवलाय की टिचकी मारावी. मला तर बघूनच लाज वाटली — यानं त्याचं काम केलं, मी माझं नाही केलं.

तरी म्हणाला, लाव. लावलं. सुई बसवली, स्क्रू बसवला, त्याच्याकडं बघितलं. तो डोळे मिटून उभा. मग ओरडला — "हाच! हाच की रं आवाज! अंगावर काटा आला बघ! चल, बसवू इमानाला. माळावर जाऊ."

मी बंद केलं. म्हणालो, हा तो आवाज नाही.

"अरं हाच हाय!"

"न्हाय दादा. धार कुठं हाय त्याला?"

"धार? कानाचं पडदं फाटायला लागलं माझ्या!"

मला कळलं काय चाललंय ते. आठवड्यावर निघायचंय त्याला. सामान बांधायचंय. आप्पाची समजूत काढायची, एक चक्कर मारायची, मोकळं व्हायचं. मला असली कीव नको होती. म्हणालो, "जायची घाई झालीय म्हणून कसंबी उरकू नको. खोटं बोलू नको माझ्याशी."

"पन्नास वर्षांत कधी खोटं बोललोय तुला?"

"मग आज बोललास."

तो वळला. द्वारका चहा घेऊन दारात उभी होती, तिच्या हातातलाही घेतला नाही त्यानं. विमान उचललं आणि पिकअपमध्ये जाऊन बसला. आधीसारखंच मांडीवर धरून.

२५ ऑक्टोबर

मी चुकलो नाही. असल्या आवाजावर उडवलं असतं तर अर्ध्यात बंद पडून विमान मातीत गेलं असतं. मग काय म्हणाला असता?

दुरुस्त करतो आणि स्वतः अंथुर्ण्याला घेऊन जातो. त्याच्या अंगणात लावतो. मग बघू काय म्हणतो ते!

२७ ऑक्टोबर

मारलं. मीच मारलं.

विचार असा केला: गरम झालं की पिस्टन सिलिंडरमध्ये आवळत असणार, म्हणून शेवटचा जोर येत नाही. कारखान्यात असं काही आवळलं की आम्ही घासायची पेस्ट लावून दोन्ही भाग एकमेकांत फिरवायचो, सैल होईपर्यंत. हातालाच ती सवय. थोडी पेस्ट लावली. थोडंच फिरवलं. हाताला गोड लागलं म्हणून आणखी थोडं.

धुतलं, पुसलं, जोडलं. टिचकी मारली. पंखा फिरतच राहिला. अडला नाही, उसळला नाही — लग्नाच्या मांडवातल्या पंख्यासारखा गरागरा. दाबच राहिला नाही आत. याचे पिस्टन-सिलिंडर एकमेकांसाठी केसाच्या मापानं घासलेले असतात, हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं! विसाव्या वर्षी माहीत होतं. ते इंजिन बनवणारे आता नाहीत, भाग कुठंच मिळणार नाही.

स्क्रू पार खालपर्यंत आवळून बघितला. तासभर टिचक्या मारल्या. खोकलंसुद्धा नाही.

द्वारकेला सांगितलं तर तिनं फक्त सांडलेलं तेल पुसून घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर

दादासाहेब गेला. मला नाही, द्वारकेला फोन करून सांगितलं.

९ नोव्हेंबर

रस्त्यावर तमाशा झाला. दूध आणायला निघालो होतो, मागून उसाची ट्रॉली. एकदम अंगाला घासून ब्रेक! ट्रॅक्टरवाला पोरगा खाली उतरून शिव्या द्यायला लागला — "ए बाबा, मरायचंय का? कवाधरनं हारन वाजवतूय!" मी म्हणालो, लेका, हॉर्न वाजवलाच नाहीस तू. खोटं बोलतोस वर! चारचौघं जमली. मी सोडणार नव्हतो त्याला.

रेश्मा मागून स्कूटीवर येत होती. तिनं मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि त्या पोराची माफी मागितली. त्याची! मी चिडलो. तिनं माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्याकडं करून, सावकाश सांगितलं, "आप्पा, तो कधीचा वाजवत होता. मला पार मागं ऐकू येत होतं."

दिवसभर जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर

रेश्मा कानाच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. बराच वेळ काही येईना. मला वाटलं, मशीन बिघडलंय. मशीन चांगलं होतं. जाड, खालचे आवाज मला येतात; बारीक, टोकाचे सगळे गेलेत. टर्बाईनपाशी उभं राहून गेलेत. कधी? तर डॉक्टरबाई म्हणाल्या, दहा वर्षं तरी झाली असतील.

म्हणजे इंजिन पाच ऑक्टोबरपासून बरोबर होतं. दादासाहेब खरं बोलत होता.

घरी आल्या आल्या त्याला फोन लावला. त्यानं उचलला. बराच वेळ बोलत होता — चिडला होता का हसत होता, काही कळेना. मी म्हणालो, "दादा, मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाय."