एका टाकीत पठारापलीकडे

प्रिय पोरी (आणि सहा आठवडे वाट बघून रागावली असशील, तर प्रिय रागावलेल्या पोरी),

तुझं पत्र पोचलं, आणि पोचलं त्याच दिवशी वाचलं. आधी तुझ्या सासूबाईंनी, मग मी, मग पुन्हा तिनं. तू जे विचारलंयस त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी मला गाडीबद्दल लिहू दे. चौतीस वर्षं वजनमापे कार्यालयात लोकांचे तराजू तपासले, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजून झाल्याशिवाय तोंडातून हो किंवा नाही निघत नाही माझ्या. तू यावर किती हसायचीस.

पत्र वाचून मी मागच्या शेडमध्ये गेलो आणि रेड्यावरची ताडपत्री काढली. तुझ्या नवऱ्यानं त्या गाडीला रेडा नाव ठेवलं तेव्हा ही किती चिडली होती! पण बघ ना, चार वर्षं ठोकळ्यांवर उभा होता, अंगावर बोटभर धूळ, तरी मान खाली घालून उभा असल्यासारखा रेडाच दिसत होता. तो गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ही झाडायला यायची ती चाकांच्या भोवतीनं झाडून परत जायची. मीसुद्धा शेडमध्ये काही आणायला गेलो तर त्याच्याकडे पाठ करूनच उभा राहायचो. त्या दिवशी मात्र मी बॉनेट उघडलं, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं भरलेलं घर निघालं. कापूस, कागद, शेंगांची टरफलं, सगळा संसार. हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “चला, कुणीतरी नांदत होतं म्हणायचं.” त्या शेडमध्ये आम्ही दोघं चार वर्षांत पहिल्यांदा हसलो.

मिस्त्रींना निरोप धाडला. तेच, तुमच्या गाडीचं सगळं करायचे ते, कानानं अर्धे आणि आवाजानं दुप्पट. त्यांनी जुनं डिझेल काढून टाकलं, बॅटरी बदलली, पाइप बदलले आणि गाडी सुरू केली. इतका काळा धूर निघाला की शेजारच्या मास्तरीणबाई वाळत घातलेले कपडे गोळा करून आत पळाल्या. मी मिस्त्रींना सांगितलं, गाडी पठारापलीकडे, पोरीकडे न्यायची आहे. ते म्हणाले, “मग टाकीचा हिशेब करा साहेब. पठारावरचा पंप बंद पडून वर्षं लोटली. खालच्या पंपापासून पलीकडच्या पंपापर्यंत चारशे ऐंशी किलोमीटर. मध्ये थेंब मिळायचा नाही.”

म्हणजे माझ्या हातात कामच आलं. टाकी साठ लिटरची, त्यातलं तळाचं सोडून पंचावन्न धर. टाकी गळ्यापर्यंत भरली, चार दिवस फिरवली, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीनं, गळ्यापर्यंत भरली. अ‍ॅव्हरेज आलं सात पूर्णांक दोन. पंचावन्न गुणिले सात पूर्णांक दोन, तीनशे शहाण्णव. म्हणजे उरलेले चौऱ्याऐंशी किलोमीटर मी आणि तुझ्या सासूबाई गाडी ढकलत येणार! तुम्ही दोघं छपरावर डिझेलचे दोन कॅन बांधून जायचात, ते मला ठाऊक आहे. पण हिला डिझेलच्या वासानंच मळमळतं, आणि सोळा तासांच्या बसचं नाव काढलं तरी तेच होतं. तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की रेड्याचं अ‍ॅव्हरेज दहाच्या वर गेल्याशिवाय आपण निघायचं नाही. ही नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं तुला माहीत आहे.

पहिले दोन उपाय सोपे होते. नवा फिल्टर बसवला आणि चाकांत हवा नीट भरली. चारही चाकांत चार तऱ्हेची हवा निघाली, मला तर शरम वाटली. तिसऱ्या उपायाला मात्र माझं घोडं अडलं. मिस्त्री पुढच्या चाकापाशी बसले आणि एकदम ओरडले, “अहो साहेब, हब लॉक आहेत दोन्ही!” मला काही कळेना. मग त्यांनी दाखवलं. पुढच्या चाकांच्या मधोमध ती वाटोळी खिट्टी असते ना, चिखलात गाडी फोर-व्हीलवर घ्यायच्या आधी खाली उतरून हातानं फिरवायची, ती. चिखलातून बाहेर आल्यावर ती परत सोडायची असते. नाही सोडली तर पुढचा सगळा लोखंडी लवाजमा चाकांबरोबर विनाकारण फिरत राहतो आणि डिझेल पितो. मिस्त्री म्हणाले, “छोटे साहेब कधी विसरायचे नाहीत हो.” आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. विहिरींच्या पाण्याचे नमुने घेऊन तो शेवटचा परत आला तेव्हा अंगात ताप होता. गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. अकरा दिवसांत सगळं संपलं. खिट्ट्या सोडायला तो परत शेडमध्ये गेलाच नाही.

खोटं कशाला लिहू, पोरी, माझा हात पुढे होईना. मनात आलं, त्याच्या हातानं शेवटचं जे फिरवलं ते हे, आणि मी ते पुसून टाकायचं का? मिस्त्री पाना घेऊन नुसते उकिडवे बसून राहिले. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. मला बघितलं, मिस्त्रींना बघितलं, काय झालं विचारलं. मिस्त्रींनी त्यांच्या परीनं हळू आवाजात सांगितलं, म्हणजे गल्लीला ऐकू गेलं. हिनं चहाचे कप पायरीवर ठेवले, खांद्यावरचं फडकं खिट्टीभोवती गुंडाळलं, आणि बरणीचं झाकण उघडावं तशी दोन्ही हातांनी जोर लावून ती फिरवली. टक्क झालं. मग पलीकडे जाऊन दुसरी फिरवली. ती जरा जड गेली. मग म्हणाली, “घरी आलं की सोडायचीच असते ना ती? त्याचं राहून गेलं होतं.” आणि कप उचलून आमच्या हातात दिले. त्या दिवशीचा चहा मी गार करून प्यायलो.

अ‍ॅव्हरेज आठ पूर्णांक चार झालं.

त्यानंतर मला उत्साहच चढला. फेरफटका मारून आलो की मी चारही चाकांना हात लावून बघायचो. मागचं डावं चाक हमखास गरम लागायचं. मिस्त्रींनी उघडलं तर ब्रेक धरून बसलेला. म्हणजे इतके दिवस मी एका पायानं गाडी पळवत होतो आणि ती एका चाकानं थांबत होती. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून साफ करून आणले, धूर गेला, मास्तरीणबाईंचे कपडे पुन्हा दोरीवर आले. इंजिन नीट तापतच नाही असंही निघालं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, तोही बदलला. तोवर नऊ पूर्णांक तीन. मग मी गाडीतलं सामान उतरवलं आणि सवयीप्रमाणे एकेक वजन केलं. लोखंडी पेटी एकतीस किलो, साखळदंड चौदा, नमुन्याच्या बाटल्यांचे खोके, छपराचं कॅरियर, एवढंच काय, एक दगड निघाला साडेसहा किलोचा! तो कशाला ठेवला होता तुम्ही? सीटखाली तुझा पिवळा रेनकोट सापडला. हिनं तो धुतला, खिसा उसवला होता तो शिवला. तो तेवढा परत गाडीत ठेवलाय.

आता खरी गंमत ऐक. नऊ पूर्णांक सातवर गाडी अडून बसली, ती काही केल्या हलेना. मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. म्हटलं, आपण अ‍ॅव्हरेज मोजतोय, पण ज्या मापानं मोजतोय ते माप कुणी तपासलंय? महामार्गावर गेलो, ही शेजारी बसून किलोमीटरचे दगड मोजत होती. पन्नास दगड गेले आणि गाडीच्या मीटरवर फक्त सत्तेचाळीस! त्यानं मूळच्यापेक्षा मोठे टायर बसवले होते ना, त्यामुळे चाक जास्त अंतर कापतं आणि मीटर कमी दाखवतं. म्हणजे आपला रेडा पहिल्यापासून सांगतो त्यापेक्षा जास्त चालत होता. हिशेब दुरुस्त केला तर दहा पूर्णांक तीन. मी तिथं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून टाळी दिली हिला. चौतीस वर्षं लोकांची मापं धरली आणि घरातलं माप चुकीचं निघालं, यावर ती घरी येईपर्यंत हसत होती.

शेवटी उरला माझा पाय. मिस्त्री एकदा शेजारी बसले आणि म्हणाले, “साहेब, पुढं सिग्नल लाल दिसतोय, मग तुम्ही कुणाच्या मागं लागलाय?” तेव्हापासून मी लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, साठ-पासष्टच्या वर जात नाही, गिअर वेळेवर बदलतो. सत्तरला काटा टेकला की ही घसा खाकरते. परवा घाटाची चढण धरून दीडशे किलोमीटर नेऊन आणली. दहा पूर्णांक आठ. पंचावन्न लिटरात पाचशे चौऱ्याण्णव. पठार पार करून वर शंभराहून जास्त शिल्लक.

घरी येऊन मी हा आकडा हिला मोठ्या अभिमानानं सांगितला आणि पुढं म्हणालो, की मिस्त्री म्हणतायत व्हॉल्व्हचं सेटिंग केलं तर अकराही होईल, अजून आठवडाभर थांबू. ती भाजी निवडत होती. हातातलं खाली ठेवून म्हणाली, “अहो, पोरीनं काय विचारलंय आणि तुम्ही काय मोजताय? दहाचे अकरा होतील, अकराचे साडेअकरा होतील. तिकडे ती रोज पोस्टमनकडे बघत असेल. जायचं नसेल तर नाही म्हणून कळवा. पण त्या रेड्याच्या आड लपू नका.” मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. कॅन मागं बांधून कधीचं निघता आलं असतं. ही म्हणाली, तिनं नाकाला रुमाल लावला असता, तेवढंच. सात पूर्णांक दोन माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी ते धरून बसलो होतो.

तर आता उत्तर. तू लिहिलंस, की माती परीक्षणाच्या तुझ्या प्रयोगशाळेशेजारच्या शाळेतले ते सर आणि तू, तुम्ही दोघं लग्न करायचं म्हणताय. नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. तुझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून मी सही करीन का, असं विचारलंस, आणि नाही म्हटलं तरी राग मानणार नाही असंही लिहिलंस. ती ओळ वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तू आमच्याकडे आलीस तेव्हाच तुझ्या मागं कुणी उरलं नव्हतं, आणि तो गेल्यावरही दोन वर्षं तू आम्हा दोघांना सांभाळत इथं राहिलीस. तिकडची नोकरी घे म्हणून आम्हीच तुला ढकललं. मग तू तिकडे हसायला लागलीस, तर मी मूग गिळून का बसलो? मला भीती वाटत होती, पोरी. वाटत होतं, तिथं सही केली की तो खरंच गेला, आणि त्याच्याबरोबर तूही. सहा आठवडे हात काळे केल्यावर एवढं समजलं, की यातलं दुसरं खरं नाही. आम्ही येत्या सोमवारी सकाळी निघतोय, मंगळवारी दुपारपर्यंत तुझ्या दारात. हिनं सरांसाठी स्वेटर विणायला घेतलाय, माप अंदाजानं धरलंय, तेव्हा त्यांना आधीच कल्पना दे. आणि अर्ज भरताना साक्षीदाराच्या पुढं नात्याचा रकाना असेल, तिथं काय लिहायचं म्हणून अडून बसू नकोस. वडील, असं लिही.

तुझाच,
बाबा