सिंगल लाइनवरची खीर

जऊळका
रविवार, दुपार

आदरणीय रविकांतराव यांना भिवाजीचा सप्रेम जय भीम.

रिठदला तुम्ही सगळे खुशाल असाल. सासूबाईंचा खोकला उतरला असेल, म्हशीच्या खुराची जखम भरली असेल, विहिरीवरची जळालेली मोटर भरून आली असेल आणि सूनबाईंचा तलाठ्याचा पेपर चांगला गेला असेल. आणखी कोणाची खुशाली विचारायची राहिली असेल, तर ती पुढे ओघात येईल.

(‘राव’ वाचून तुम्ही दचकला असाल. तुमच्या बहिणीशी माझं लग्न झालं तेव्हापासून मी तुम्हाला रव्याच म्हणत आलो. पण वय वाढतं तशी माणसाला दुसऱ्याची किंमत कळते. यापलीकडे त्यात काही शोधू नये.)

फोन सोडून पत्र का, असंही वाटेल. तुमचा फोन दिवसभर व्यस्त लागतो. शेजारच्या बेबीताईच्या फोनवरून लावला तर मात्र लगेच लागतो आणि माझा आवाज ऐकू आला की कटतो. नेटवर्कची तक्रार कोणाकडे करावी ते कळलं नाही, म्हणून हे पत्र रिठदच्या फेऱ्या मारणाऱ्या प्रेमसिंगच्या जीपनं पाठवतो आहे.

दुर्गाबाई तुमच्याकडे आली तेव्हा सोयाबीन शेतात होतं. “दोन दिसात येतो” म्हणून गेली. ते सोयाबीन निघालं, वाळलं, रिसोडच्या मार्केटला विकलंसुद्धा गेलं, आणि आता तुरी फुलावर आहेत. झालेली हकीकत तिनं तुम्हाला सांगितली असेलच आणि ती खरीही असेल. पण बायका हकीकत सांगतात तेव्हा तांत्रिक बाजू राहून जाते. ती मांडावी एवढाच या पत्राचा हेतू आहे. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. (तसं वर कुठे लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहावं.)

आमचा प्लॉट तुम्ही पाहिलेला आहे. कमरेच्या पट्ट्यासारखा लांब आणि अरुंद. पुढे रस्ता आणि फाटक, पार मागे स्वयंपाकघर, मध्ये शेवग्याचं झाड आणि त्याला बांधलेली बकरी. फाटकाची बाजू उंच, तिथून स्वयंपाकघराकडे उतार. गॅसवाला सिलिंडर फाटकाशी टेकवून जातो, पाण्याचे कॅनही तिथेच उतरतात, दळण तिथेच येतं. दुर्गाबाईच्या गुडघ्यांसाठी वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे वजन उचलायचं नाही. उपाय दोनच होते. एक, वजन मी उचलायचं. दोन, घरात रेल्वे टाकायची. मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे मला दुसरा सोपा वाटला.

वेल्डर विकासनं लोखंडी अँगलचे रूळ जोडून दिले. खाली बाभळीच्या लाकडाचे स्लीपर टाकले. फवारणीच्या पंपाची बॅटरी बसवली आणि प्रेमसिंगच्या जीपमधून वायपरची मोटर काढून घेतली. (त्यानं ती आनंदानं दिली. पावसाळा संपत आला होता आणि पुढचा पावसाळा कोणाला दिसतो, असा त्याचा स्वभाव आहे.) अशा तऱ्हेनं इंजिन झालं. ते माणसाच्या चालीपेक्षा हळू जातं, पण सिलिंडर ओढतं. पुढच्या बाजूला मी ‘दुर्गा’ असं रंगवलं. दुर्गाबाईनं ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “माह्या नावाची मालगाडी काढली काय? एक्सप्रेस नाही सुचली तुमाले?” हा मला होकार वाटला.

आता मूळ मुद्दा. मी आयुष्यभर पॉइंट्समन होतो. काटे बदलायचे, झेंडी धरायची. लाइन क्लियर मागणं आणि देणं हे स्टेशन मास्तरचं काम. पुढच्या स्टेशननं ‘लाइन मोकळी आहे, पाठवा’ म्हटल्याशिवाय मागच्यानं गाडी सोडायची नाही, मग आत साक्षात मोठे साहेब बसलेले असोत. जन्मभर मी दुसऱ्यांनी मागितलेल्या आणि दुसऱ्यांनी दिलेल्या लाइन क्लियरवर झेंडी हलवली. स्वतःच्या अंगणात स्वतःची रेल्वे असताना माणसानं ते एकदा तरी मागावं की नाही? म्हणून मी बैलाच्या गळ्यातल्या दोन घंटा आणल्या, एक फाटकाशी टांगली, एक स्वयंपाकघरात, आणि मधून दोऱ्या नेल्या. मी एक ठोका दिला म्हणजे ‘लाइन मोकळी आहे का?’ तिनं दोन दिले म्हणजे ‘आहे, पाठवा’. माल पोचला की तीन.

पहिला आठवडा तिनं दोन ठोके दिले. नंतर ती हाका मारू लागली. हाकेवर गाडी सोडता येत नाही, हे मी तिला फाटकातून ओरडून सांगितलं. (यात विसंगती आहे असं बेबीताईचं मत पडलं. बेबीताई आमच्या मागच्या दारची शेजारीण, विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष, आणि तिचं मत नेहमी पडतच असतं.) एकदा वरणाला मीठ हवं होतं. मी मिठाची पुडी डब्यात ठेवून एक ठोका दिला आणि थांबलो. आतून आवाज आला, “लाइन किलेर गेली खड्ड्यात. वरण उकळून राह्यलं, मीठ पाठवा!” मी पुन्हा एक ठोका दिला. त्या दिवशी आम्ही दोघांनी अळणी वरण खाल्लं. रेल्वेच्या इतिहासात याहून मोठ्या गैरसोयी झालेल्या आहेत.

बाकी किरकोळ अडचणी आल्या. गाडी शेवग्याखालून जाताना बकरी कोथिंबिरीची जुडी उचलायची, म्हणून खुंटा सरकवला. एका कोंबडीनं मालाच्या डब्यात बसायला सुरुवात केली आणि तिचं अंडं होईपर्यंत दुर्गाबाई वाहतूक बंद ठेवायची. बघायला माणसं येऊ लागली. बेबीताईनं विचारलं, “भाऊजी, यात माणसाले बसता येते काय?” मी म्हटलं, ही मालगाडी आहे. ती म्हणाली, “मंग मी काय फुलाची पाकळी हाओ?” हे सगळं सोसून गाडी चालू होती. दुर्गाबाई गाडीबरोबर, एक हात डब्यावर ठेवून, लहान वासरू न्यावं तशी चालायची. त्याची गरज नव्हती. पण चालायची.

मग आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपतो, तीन महिने चाललेलं ग्रंथवाचन संपतं आणि विहारात खीरदान होतं, हे तुम्हाला सांगायला नको. या खेपेला खीर दुर्गाबाईची होती. किती वर्षांनी तिची पाळी आली होती, ते तिला विचारा, बरोबर सांगेल. सकाळपासून मंडळाच्या बाया स्वयंपाकघरात होत्या. मोठ्या गंजात खीर शिजली. ती गाडीनं फाटकापर्यंत आणायची आणि तिथून प्रेमसिंगच्या जीपनं विहारात न्यायची, असं ठरलं होतं. मी त्या दिवसासाठी मुद्दाम एक दुसरा डबा करून ठेवला होता. त्याला इंजिन लागत नाही, उतारानं आपोआप जातो. हा डबा सुरू झाल्याचं स्वयंपाकघराला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. कामाच्या गर्दीत अशा गोष्टी राहतात.

तर आतून हाक आली, दूध कमी पडतं. मी दुधाचा कॅन नव्या डब्यात ठेवला, नियमानं एक ठोका दिला, आणि आतून स्वच्छ दोन ठोके आले. इतके नीट ठोके दुर्गाबाईनं कधी दिले नव्हते. मला बरं वाटलं. मी डबा सोडला.

तिकडे आत झालं असं की दुधाचं कोणीतरी परस्पर भागवलं होतं. दुर्गाबाईनं बायांकडून खिरीचा गंज इंजिनाच्या डब्यावर ठेववून घेतला आणि बटन दाबलं. नेहमीप्रमाणे ती डब्याला हात लावून बरोबर चालू लागली. दूध उतारानं वेगात येत होतं, खीर चढानं सावकाश जात होती, आणि लाइन एकच होती. शेवग्याखाली भेट झाली. दूध खिरीत गेलं, खीर अंगणात गेली, बकरी सुटली आणि कोंबड्यांना विशेष आमंत्रण लागलं नाही.

मी धावत गेलो. रेल्वेत अपघात झाला की आधी माणसं पाहायची, मग डबे, हा नियम मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी तो उलट्या क्रमानं पाळला गेला, एवढंच. मी इंजिनाची चाकं पाहिली, रूळ पाहिला, आणि मंडळासमोर चौकशी सुरू केली: लाइन क्लियर कोणी दिलं? बेबीताई म्हणाली, “म्या देल्लं. घंटा वाजते का नाही, पाह्यलं.” यावर मी जागेवरच निकाल दिला की घंटा बेबीताईनं वाजवली असली तरी स्वयंपाकघर स्टेशनचा चार्ज दुर्गाबाईकडे होता आणि खीर विनापरवानगी सुटली, सबब जबाबदारी दुर्गाबाईची. निकाल नियमाला धरून होता. आजही तो कोणत्याही रेल्वेवाल्याला दाखवा.

दुर्गाबाईनं माझ्याकडे पाठ केली. ती बेबीताईला म्हणाली, “पाह्यलं का बाई? हात माहा भाजला अन् हा माणूस चाक पाहून राह्यला.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बायांनी घराघरातून दूध आणलं, बेबीताईच्या चुलीवर नवी खीर केली आणि डोक्यावर गंज घेऊन वेळेत विहारात पोचल्या. डोक्यावर नेलेली खीर कुठेही आदळली नाही, याचा उल्लेख त्या दिवशी बऱ्याच जणींनी केला. दुर्गाबाईनं ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हातानं खीर वाढली आणि तिथूनच प्रेमसिंगच्या जीपमध्ये बसली.

रेल्वे बंद नाही, हे मुद्दाम कळवतो. मी एकटा चालवतो. फाटकाशी माल भरतो, एक ठोका देतो. मग चालत स्वयंपाकघरात जातो, दोन ठोके देतो. चालत फाटकाशी येतो, गाडी सोडतो, आणि तिच्या आधी स्वयंपाकघरात पोचून ती आली की तीन ठोके देतो. बेबीताई कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, “भाऊजी, मंग गाडी कायले पायजे? मीठ हातातच घेऊन चला ना.” तिला लाइन क्लियरचं तत्त्व समजावणं कठीण आहे. एक दिवस सवयीनं नुसताच एक ठोका दिला आणि फाटकाशी उभा राहिलो. उत्तर येईपर्यंत थांबायचं असा नियम आहे. मी थांबलो. सांज झाली, बकरी ओरडू लागली, तेव्हा आत गेलो. मीठ फाटकाशीच राहिलं.

असो. लोभ सध्या सगळा तुमच्या घरी जमा झाला आहे, सोयीनं थोडा इकडेही वळवावा.

तुमचा,
भिवाजी

ता. क. दुर्गाबाईचा उजवा हात कसा आहे? हे म्हशीच्या आधी विचारायला हवं होतं, पण कागद वाया घालवू नये म्हणून पुन्हा लिहीत बसलो नाही. डाग राहिला का, भाकरी थापता येते का, ते कळवा. तसंच तिला सांगा की चौकशी पुन्हा उघडली होती, जुना निकाल रद्द झाला आहे, दोष सिंगल लाइनचा निघाला. मी सांगितलं म्हणून सांगू नका, बोलता बोलता सांगा. आणि रविकांतराव, तिला एवढंच विचारा की लाइन क्लियर आहे का. ‘आहे’ म्हणाली तर प्रेमसिंगच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून द्या. मागे गुडघे दुमडावे लागतात.

ता. क. दुसरा, मंगळवार. पत्र अजून इथेच आहे. काल अवकाळी पाऊस झाला आणि वायपर नसल्यामुळे प्रेमसिंगची जीप निघाली नाही. यात माझा काही संबंध आहे असं प्रेमसिंग म्हणतो. आज दुपारी तो आला, पत्र मागू लागला आणि उगाच हसू लागला. मी फाटकाशी पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून दोन ठोके आले. मी एक ठोका दिलेला नव्हता. न मागता आलेलं लाइन क्लियर नियमात बसत नाही, शिवाय बकरी दोरीला लागली असावी, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग आवाज आला, “मीठ पाठोता, का जाऊ मी वापस रिठदले?” प्रेमसिंगनं तिला बेबीताईच्या दारात उतरवली होती, ती मागच्या दारानं आत आली होती. मी मीठ पाठवलं नाही. हातात घेऊन पळत गेलो. आधी हात पाहिला. डाग आहे, पण पुसट आहे.

ता. क. तिसरा, बुधवार. पत्राची आता गरज नाही, पण तुझ्या गोठ्यात दोन लोखंडी अँगल पडून आहेत, ते प्रेमसिंगबरोबर पाठव. दुसरी लाइन टाकायची आहे. वर जिथे जिथे ‘राव’ लिहिलं आहे तिथे रव्या वाच. चार्जची अदलाबदल झाली आहे, ही तुझ्या बहिणीची अट होती. फाटकाशी खुर्ची टाकून ती बसते, स्वयंपाकघर स्टेशन माझ्याकडे आहे. कागदाला लागलं आहे ते ज्वारीचं पीठ, झटकून घे. मघाशी फाटकावरून एक ठोका आला तेव्हा मी भाकरी थापत होतो, दोन ठोके द्यायला उशीर झाला, आणि बेबीताईला बसवून त्याची चौकशी आता चालू आहे.