शिवलेलं शेवटचं प्रकरण

तीर्थरूप नाना,

डोंबिवलीहून तुमच्या समीक्षाचा नमस्कार. मी बरी आहे, डबा वेळेवर खाते. आईच्या डोळ्यांत थेंब घालता ना? ती अजून सुशांतदादाचा चहा टाकते का?

तुमच्यासाठी नवीन रहस्यकादंबरी पाठवतेय. वाचून चिडाल. हरवलेल्या मुलाला शोधायला डिटेक्टिव्ह येतो, तीनशे पानं सगळ्यांवर संशय घेतो आणि शेवटी त्या मुलाच्या आईला भाजी निवडू लागतो. मुलगा सापडतच नाही! लायब्ररीतले काका म्हणाले, आताचे लेखक मुद्दाम असं करतात, रहस्य मांडतात आणि उकल देत नाहीत. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मग वाचणाऱ्याने करायचं काय?

घरी येऊन खूप रडले.

नाना, दादाची आंबिवलीची खोली मी सोडली. तो परत येईल म्हणून सहा वर्षं दर रविवारी जाऊन झाडत होते. आता नाही होत. तुम्ही शिवलेला त्याचा निळा शर्ट माझ्याकडे आहे. फोनवर सांगवलं नाही, आई शेजारीच असते. तिला हे पत्र वाचून दाखवू नका.

कादंबरी मात्र तिला वाचून दाखवालच. लहानपणी आम्ही खुनी आधीच बघू नये म्हणून तुम्ही शेवटचं प्रकरण कच्च्या टाक्यांनी शिवायचात, आणि दादा ते उसवायचाच. या पुस्तकाचं मी पक्क्या टाक्यांनी शिवलंय. आई रोज विचारेल, मुलगा सापडला का. म्हणा, अजून तिथवर पोचलो नाही.

तुमची,
समी