राखीची चोरओटी

आसेगाव, ३ जानेवारी २०२५

ती. बेबीताईस सोजरचा शि. सा. न.

ताई, फोनवर सांगितलं असतं, पण सून राखी कान देऊन राह्यते, म्हणून पत्र. तिले दिवस गेले! पाळी चुकून तिसरा महिना. लग्नाले तीन वर्षं झाली, लेकरू नव्हतं. डॉक्टर म्हणे, वजन थोडं उतरवा. मी सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरायले लावले, बाकी दिवशी दोन्ही टायमाले जेवणाऐवजी वजन उतरवायची डब्यातली पावडर. पाच महिन्यांत पंधरा किलो उतरली. आता पाय गार पडतात, केस गळतात, दिवसा झोपते, उठली की खायलेच मागते. डोहाळेच, दुसरं काय? उपास मात्र सोडू दिले नाहीत. काल पाच बाया बोलावून गुपचूप चोरओटी भरली. तू मास्तरीण, आतातरी तोंडातून गोड शब्द येऊ दे.

तुझी, सोजर

रिठद, ८ जानेवारी

प्रिय सोजरला अ. उ. आ.

गुपचूप ओटीला पाच बायका बोलावणारी तू एकटीच. तपासणी केलीस का? की दुकानातल्या पट्टीपेक्षा तुझा अंदाज पक्का?

चरबी म्हणजे तुला पोत्यातलं सोयाबीन वाटतं. उपसलं की संपलं. ती मुकी नसते. साठा किती आहे, हा निरोप ती रक्तातून मेंदूला सारखा धाडते. त्याला लेप्टिन म्हणतात. मी कॉलेज सोडल्यावर ते सापडलं, पण मी वाचायचं सोडलं नव्हतं. खाणं तोडलं, साठा झपाट्यानं घटला, की निरोप क्षीण होतो आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो, अंगातली ऊब कमी करतो, पाळीही बंद करतो. दुष्काळात लेकरू नको, एवढी अक्कल त्याला आहे; तुला नाही. तू ज्याला डोहाळे म्हणतेस, ती मला उपासमार दिसते. डॉक्टर थोडं म्हणाले होते, तू पोरीवर वखर फिरवलास.

उद्याच तिला तपासून आण. पोटात काही असो-नसो, पावडर उकिरड्यावर टाक आणि तिला भाकर-वरण पोटभर वाढ. काही नसलंच, तर त्या पाच घरी तू स्वतः जायचंस. सुनेनं सोंग केलं असं गावात झालं, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

राग आहेच, लोभ त्याच्याखाली शाबूत आहे.

बेबी

आसेगाव, २६ एप्रिल

ती. मावशींस राखीचा सा. न.

मावशी, तुमचं पत्र आईंनी पिठाच्या डब्यामागे दडवलं होतं, ते मी वाचलं. वाशीमला तपासलं तेव्हाच कळलं होतं, पोटात काही नव्हतं. डॉक्टरीणबाई तुमच्याइतक्याच रागावल्या, फक्त कमी शब्दांत.

दोन दिवस आई घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाचही घरी गेल्या. शेजारच्या संगीताकाकूंनी मला सांगितलं, आई दारातूनच म्हणाल्या की पोरीची चूक नाही, मीच तिला उपाशी ठेवली. आणि चहा न घेता पुढच्या घरी निघाल्या. आता मी दुसरी भाकर नको म्हटली, तर डोळे वटारतात.

तीन वर्षं दर महिन्याला पाळी आली की आई दिवसभर माझ्याशी बोलत नसत. चार दिवसांमागे पाळी परत सुरू झाली. सांगायची भीतीच वाटली. आईंनी ऐकलं, उठून गॅसजवळ गेल्या आणि गूळ घालून शिरा केला. पहिली वाटी माझ्यासमोर ठेवली.

अशाच रागावत राहा, मावशी.

तुमची,
राखी