आईनं परत म्हटलेलं वाक्य

वरसे, रविवार संध्याकाळ

आज आई अष्टमीच्या पुलावर सापडली. अनवाणी, गाड्यांच्या मधोमध. एका रिक्षावाल्यानं तिचा दंड धरून ठेवला म्हणून वाचली.

निघताना मी तिला बजावलं होतं, "आई, मी कोलाडहून येईपर्यंत घराबाहेर पडू नको." तिनं लगेच म्हटलं, "व्हय गो, तू कोलाडहून येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाय." शब्द न् शब्द बरोबर. आणि मी निर्धास्त निघाले. ही माझी नोकरीतली मेली सवय! विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची रांग लावते मी. एकाला सांगायचं, चार हजार फुटांवर राहा, वेग कमी करा. वैमानिक तेच परत म्हणतो. बरोबर म्हटलं की मी पुढच्या विमानाकडे वळते. त्या परत म्हणण्याच्या भरवशावर रोज शेकडो जीव असतात.

रिक्षात मी रडतच विचारलं, "काय सांगितलं होतं मी तुला?" तिनं पुन्हा अगदी तसंच म्हटलं, "तू कोलाडहून येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाय." आणि पदरानं माझे डोळे पुसले. शब्द तिला पाठ राहतात, पण त्याप्रमाणे वागायचं असतं हे हल्ली या आजारात तिला उमगतच नाही.

आता तिला सांगायचं तरी कसं? आईला कुलपात ठेवू? शेजारच्या काकू दोन दिवस बघतील. मग?

आज रजा संपली. उद्या एखादा वैमानिक माझं वाक्य जसंच्या तसं परत म्हणेल. मला आईच ऐकू येईल. आणि तरी मला पुढच्या विमानाकडे वळावं लागेल.