बोनेटवरचा मेंढा

प्रिय अप्पा, शरणु.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी हिला आज बरी आठवण झाली? आठवण रोजचीच आहे हो, पण लिहायला डोळे हवेत ना. काल माझ्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली. व्हय, मलाही मोतीबिंदूच! सासऱ्याचं दुखणं सुनेनं घेतलं म्हणून घरात सगळे हसतायत.

पण तुमच्यासारखं डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवत नाहीत आता. सकाळी गेले आणि दुपारी घरी येऊन आमटीला नावं ठेवली. फजिती एवढीच झाली की दवाखान्यात ती नर्स 'शशिकलाबाई, शशिकलाबाई' म्हणून पुकारत होती आणि मी ढिम्म. शेवटी नातवानं, विराजनं, कोपरानं ढोसलं की आजी, तुलाच बोलावतायत. कागदावर नाव माझंच, पण कानाला त्याची सवय राहिलेली नाही. त्याला कारण तुम्ही!

पट्टी सोडून बाहेर आले तर पहिल्यांदा काय दिसावं? शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या, एक बलेनो आणि एक ग्लान्झा. दारं तीच, काचा त्याच, डिकी तीच. तोंडावरची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. मी विराजला म्हटलं, अरे, या सख्ख्या बहिणी आहेत. त्यानं मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाला, बरोबर आहे आजी, आणि हीच गाडी आफ्रिकेला जाते तेव्हा तिचं नाव स्टार्लेट. अप्पा, मला असं हसू फुटलं की रखवालदार बघायला लागला. तुमचा खेळ अजून चालूच आहे की!

तुम्हाला तुमची डॉज आठवते ना? काय विचारते मी! सासूबाईंचा, आपल्या अव्वांचा वाढदिवस तुम्हाला कधी आठवला नाही, पण डॉजचे प्लग बदलल्याची तारीख तोंडपाठ. बोनेटच्या टोकावर शिंगं वळवून बसलेला तो चकचकीत मेंढा. सगळं सोलापूर तिला मेंढ्याची गाडी म्हणायचं. बाजाराला आलेले धनगर तर रस्त्यात थांबून त्याच्यावरून हात फिरवायचे, आणि तुम्हाला मंत्री आल्यासारखं वाटायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तिचं गुपित सांगितलंत. एकदा बैलगाडीच्या धक्क्यानं तिचं मागचं दार चेपलं. डॉजचं दार काही मिळेना, म्हणून मिस्त्रीनं मुंबईहून प्लिमथचं दार आणलं, आणि ते हातोडी न लावता बसलं! तेव्हा तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्लिमथ, डॉज आणि डिसोटो, तिघी एकाच घरच्या. इंजिन तेच, अंग तेच. अमेरिकेतून बाहेर धाडताना कंपनीनं जाळी बदलली, बोनेटवरचं चित्र बदललं, नाव बदललं आणि तीन दुकानांतून विकल्या. डॉजला मेंढा, प्लिमथला गलबत, डिसोटोला शिरस्त्राण घातलेल्या शिपायाचं डोकं. "तिघी बहिणी, तीन घरी दिल्या," असं तुम्ही म्हणायचात, आणि अव्वा आतून कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. ते काय होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आताही सांगत नाही.

आपलं घर पुणे नाक्याजवळ. हैदराबादकडं जाणारा सगळा रस्ता ओट्यासमोरून. संध्याकाळी नव्या पेठेतलं चादरीचं दुकान तुमच्या लेकावर सोपवून तुम्ही घरी यायचात आणि आपला खेळ सुरू. मधे खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी. गाडी समोर यायच्या आधी जो ओळखेल त्याला मूठभर शेंगदाणे. अँबॅसिडर आली, फियाट आली, हेरल्ड आली. त्या फियाटचं नाव कंपनीनं बदललं तरी अख्खं गाव तिला फियाटच म्हणत राहिलं, त्यावर तुम्ही किती खूश होतात! म्हणायचात, माणसं बरोबर ओळखतात.

खरं सांगू? त्या ओट्यावर मला टेंभुर्णी भेटायची. माझ्या वडिलांचं, दादांचं गॅरेज तिथल्या फाट्यावर, मी त्या तेलाच्या वासातच वाढले. सोलापुरात आले आणि ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शशिकला' लिहिलं गेलं. लेकाच्या शशिकांत नावाला जुळतं म्हणून ते तुम्हीच निवडलेलं. नाव छान होतं, नाही कशाला म्हणू? पण त्या नावानं हाक आली की मला वाटायचं, मागं कुणीतरी दुसरीच उभी आहे.

मग ते दिवस आले. पेट्रोल महाग झालं म्हणून तुम्ही गाडी शेडमधून काढायचं बंद केलंत. सगळ्यांना पटलं, कारण पेट्रोल खरंच महागलं होतं. पण खेळात तुम्ही चुकायला लागलात, आणि चुकायचात फक्त बहिणींमध्ये! अँबॅसिडर कधी चुकली नाही, हेरल्ड कधी चुकली नाही. पण प्लिमथ नाकासमोरून गेली तरी तुम्ही म्हणायचात, डॉज. डिसोटो गेली तरी डॉज. आधी मला वाटलं, शेंगदाण्यांसाठी लबाडी करतायत. तुमचा स्वभाव तसा होता, रागावू नका.

मग एका सकाळी तुम्हाला चहा ओतून घेताना बघितलं. कपाकडं न बघता, कान देऊन ओतत होतात. तिन्ही बहिणींचं इंजिन एकच, म्हणून आवाजही एकच. त्या वेगळ्या करायला डोळेच लागतात. बाकीच्या गाड्या तुम्ही कानानं ओळखत होतात, अप्पा.

आणि पुढच्याच रविवारी माझ्या भावाचं लग्न होतं, टेंभुर्णीला. सगळं घर डॉजमध्ये बसणार आणि गाडी तुम्ही चालवणार, असं तुम्ही स्वतःच जाहीर केलेलं. मागच्या सीटवर अव्वा, तुमचा लेक, दोन्ही नणंदा. ट्रकांचा तो रस्ता. मला झोप कशी लागणार?

तुमच्या लेकाला सांगितलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. अव्वांना सांगितलं असतं तर त्यांनी रडून घेतलं असतं. तुमची मान खाली गेली असती, ते मला नको होतं. म्हणून मी तुम्हाला खेळातच गाठलं. आठवतं? समोरच्या डॉक्टरांची प्लिमथ त्यांच्या दारात उभी होती. इंजिन बंद. मी तुम्हाला रस्त्यापलीकडं घेऊन गेले आणि विचारलं, "अप्पा, ही कुठली?"

तुम्ही हात पुढं करून चालत गेलात. मडगार्ड चाचपलं, बोनेट चाचपलं, टोकावरच्या चित्रापाशी बोटं थांबली.

"शिंगं न्हाईत," तुम्ही म्हणालात. "गलबत हाय. प्लिमथ."

तुम्ही त्या गलबतावर हात ठेवून उभे राहिलात.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

मग तुम्ही सांगितलंत. दोन वर्षांपासून, मी घरात यायच्या आधीपासूनच, धुकं होतं. तुमच्या चुलत्यांचा डोळा कुणा वैदूच्या हातानं गेला होता, त्याची धास्ती लहानपणापासून बसलेली. आणि डोळे गेले म्हटलं की गाडी विकतील, मग ओट्यावर बसवून ठेवतील. हे सगळं तुम्ही प्लिमथला सांगितल्यासारखं, तिच्याकडं तोंड करून बोललात. मला इतकं भरून आलं की पदर तोंडाला लावला. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून बरं.

पण रविवारी तुम्ही चालवलीत तर मी बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं. सुनेनं सासऱ्याला! तुम्ही विचारलंत, मग चालवणार कोण, तुझा नवरा? त्याला तर सायकल धड येत नाही. मी म्हटलं, "मी चालवते." आधी तुम्ही हसलात. मग विचारलंत लायसन्स आहे का. म्हटलं, आहे, दादांनी काढून दिलंय, पण त्यावर नाव दुसरं आहे.

"कुणाचं?"

"माझंच. गौरा."

तुम्ही दोनदा पुटपुटलात, गौरा, गौरा. हे नाव असलेली लग्नपत्रिका तुमच्याच पैशानं छापली होती की हो! तरी विसरला होतात.

रविवारी तुम्ही घरात जाहीर केलंत की पोरीच्या भावाचं लग्न आहे, तर पोरगीच गाडी नेणार, माझा हुकूम आहे. अव्वा पाटावरून उठल्याच नाहीत. तुमच्या लेकाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी माहेरी दादांची जीप चालवायचे हे त्यांना ठाऊक होतं, पण बापापुढं बोलायची हिंमत नव्हती. मी डोक्यावरचा पदर घट्ट खोचला आणि डॉज शेडमधून काढली. नाक्यावरच्या पानवाल्यानं चुन्याची काडी हवेतच धरून ठेवली!

तुम्ही शेजारी बसून मोहोळपर्यंत नुसते कान. समोरून ट्रक येतोय, डावीकडं घे. मागं फियाट हाय, जाऊ दे बिचारीला. तुमचे कान आणि माझे डोळे, काय सुरेख गाडी चालवली आपण त्या दिवशी! टेंभुर्णीच्या फाट्यावर पोहोचलो तर सगळं गॅरेज धावत आलं. "गौरा आली, गौरानं गाडी आणली!" दिवसभर मांडवात नुसतं गौरा, गौरा. तुम्ही पंगतीत बसून ऐकत होतात.

परत येताना तुम्ही घरच्यांना स्वतःच सांगितलंत की डोळ्यात मोती पडलाय आणि ऑपरेशन करायचंय. अव्वा रडल्या, पण गाडी चालू होती, म्हणून तुम्हाला उठून कुठं जाता आलं नाही. ऐकून घ्यावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही घाबरला होतात, अप्पा. कुणाला सांगत नाही, पण घाबरला होतात. दोन्ही डोळे झाले आणि तो बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा आला, तेव्हा तुम्ही आधी मेंढा बघाल अशी माझी खात्री होती. शेडचं दार मी उघडूनच ठेवलं होतं. पण तुम्ही म्हणालात, सूनबाईला उजेडात उभं करा.

मी दारात उभी राहिले. लग्नाआधी मुलगी बघायला अव्वा आणि तुमचा लेकच आले होते. तुम्ही मला नीट असं कधी पाहिलंच नव्हतं. बांगड्यांवरून, पावलांवरून ओळखायचात. किती वेळ बघितलंत! माझ्या पायाखालची फरशी गरम झाली. आणि मग सगळ्यांसमोर म्हणालात, "ही टेंभुर्णीची गाडी हाय. शशिकला हा आपण लावलेला बिल्ला. हिचं नाव गौरा."

अव्वा म्हणाल्या, बदललेलं नाव परत घ्यायचं नसतं, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, फियाटला काय म्हणतात लोक? त्या दिवसापासून घरात, दुकानात, नव्या पेठेत मी गौरा झाले. पुढं तर अव्वाही तशीच हाक मारायला लागल्या, ते सुद्धा शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

एक राग आहे मात्र तुमच्यावर. चष्मा आल्यावरही डिसोटोला डॉज म्हणून माझे शेंगदाणे खाल्लेत! तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. मी भांडले नाही, ते बरंच झालं.

डॉज गेली. मेंढा मी काढून ठेवला, माझ्या कपाटावर बसलाय. काल नव्या डोळ्यानं बघितला तर एका शिंगावर ओरखडा दिसला. इतकी वर्षं दिसलाच नव्हता.

आता मुख्य गोष्ट. विराजचं लग्न ठरलंय. मुलगी अक्कलकोटची, श्रुती नाव. चुणचुणीत आहे, कानडी तर माझ्यापेक्षा बरी बोलते. घरात रोज चर्चा, विराजला जुळतं नाव कुठलं? विभा, विनया, विदिशा. मी परवा तिलाच फोनवर विचारलं. जरा थांबली आणि म्हणाली, आजी, माझं आहे ते बरं आहे की.

तर अप्पा, शब्द देते. लग्नात तांदळाचं ताट धरायचा मान माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. विराजच्या हातात अंगठी देईन आणि त्या तांदळावर त्याच्याकडून 'श्रुती' एवढंच लिहून घेईन. कुणी काही बोललंच तर सांगेन, माझ्या सासऱ्यांचा हुकूम आहे.

तुमची सूनबाई,
गौरा, टेंभुर्णीची