वऱ्हाडाबरोबरचा उन्हाळा

भिलाई, मे १९६२

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

आई आम्हा भावंडांना कुठे नेऊ शकत नाही, म्हणून सुटीत नागपूरला या, असं तुम्ही लिहिलंत. पण दर उन्हाळ्यात ती लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर स्वयंपाकाला जाते आणि मजुरीऐवजी आमची तिकिटं मागते. रामटेक आम्ही असंच पाहिलं.

गेल्या वर्षी गोंदियाला जाताना वरमाईनं मला विचारलं, "तुहा बाप कुठी आहे वं?"

खोटं बोलू नये, हे आईनंच शिकवलेलं. मी म्हटलं, "आमाले सोडून गेले."

आता पुढच्या स्टेशनावर उतरवतील, या भीतीनं मी धाकट्याचा हात धरला.

"टाकलेल्या बाईच्या हातच्या पुऱ्या?" वरमाई म्हणाली.

"पुरीले नवरा नाही लागत, बाई," आई म्हणाली. "कढई तापली पायजे."

डब्यातल्या सगळ्या बायका हसल्या. वरमाईही हसली आणि आईला बसायला जागा करून दिली.

आई म्हणते, बापाकडे जा. मी येत नाही असं कळवणं म्हणजे तिचा शब्द मोडणं, म्हणून हे पत्र टपालात टाकवत नाही. पण शनिवारी डोंगरगडचं वऱ्हाड आहे, आणि या वेळी पुऱ्या लाटायला मीही चालले आहे.

तुमची थोरली,
वच्छला